क्लिफचं खोकल्याचं बटण

मित्रांनो, टीव्हीवर सामना पाहताना तुम्हाला मी कधी दिसलो नसेन. माझं काम नीट झालं तर मी ऐकूही येत नाही. मी एक जुनं खोकल्याचं बटण आहे. समालोचकाला खोकला आला की तो मला दाबतो. बोट माझ्यावर असेपर्यंत त्याचा आवाज तुमच्या घरी पोचत नाही.

लीड्सच्या एका कारखान्यात मी घडलो आणि थेट क्लिफर्ड ब्लेनकिनच्या टेबलावर आलो. क्लिफ रग्बी लीगचा समालोचक. साऱ्या हल शहरात त्याचा आवाज ओळखीचा होता. खेळाडूचं नाव तो कधी चुकला नाही, याचं लोक फार कौतुक करत. सामन्याआधी तो खेळाडूंच्या खोलीच्या दाराशी उभा राही आणि प्रत्येकाची चाल बघून घेई. चिखलात नंबर बुडतो, चाल बुडत नाही, असं तो म्हणे. पंचांना घातलेल्या त्याच्या शिव्या मात्र फक्त मला ठाऊक आहेत.

पुढे त्याचे केस पांढरे झाले. वरच्या साहेबांना तरुण आवाज हवा होता. या हंगामात काही गडबड झाली तर बघू, असं त्यांनी त्याला सुनावलं होतं.

त्यातच जानेवारीतला तो सामना आला. पाऊस इतका, की दोन्ही संघ एकाच रंगाचे झालेले. तिघांनी मिळून एकाला पाडलं. तिघे उठले, तो उठला नाही. मान वाकडी, तोंड चिखलात. पाठीवरच्या नंबरातला फक्त एक '१' दिसत होता, बाकी चिखल.

क्लिफचं बोट माझ्यावर आलं.

"अकरा नंबर! कीथ स्टॅथर्स आहे, क्लिफ! बोल ना!" बाहेर उभ्या प्रक्षेपणाच्या गाडीतून निर्माती बाई त्याच्या कानात ओरडली.

"कीथच असणार रे," शेजारी बसलेला स्टॅन म्हणाला. हा जुना खेळाडू, नाक तीनदा मोडलेलं. "सांगून टाक."

"पडलेल्या माणसाला चाल नसते, स्टॅन."

"रेडिओवाल्यांनी सांगितलंसुद्धा! तुला पगार काय खोकायचा मिळतो?" बाई कडाडली.

"एडना घरी टीव्हीसमोर बसलीय," क्लिफ पुटपुटला.

एडना म्हणजे कीथची आई. तिच्या नवऱ्याची मासेमारी बोट बुडाली, तेव्हा त्याचं नाव तिनं आधी रेडिओवर ऐकलं. बातमी कळवायला दारात माणूस आला तो नंतर. हे हलमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं?

टीव्हीवर नुसता पाऊस ऐकू जात होता. क्लिफचं बोट घामानं निसटत होतं आणि माझी स्प्रिंग म्हातारी झालेली. मी जिवाच्या आकांतानं धरून राहिलो. तो दुर्बिणीतून एकेक माखलेला माणूस शोधत होता. स्ट्रेचरजवळ एक जण धावला, डावं पाऊल आत वळवत.

बोट सुटलं.

"कीथ स्टॅथर्स उभा आहे," क्लिफ म्हणाला. "स्ट्रेचरच्या डाव्या बाजूला. पडलेला खेळाडू दुसरा आहे. त्यानं आत्ताच हात हलवलाय. त्याचं नाव त्याच्या घरी कळलं, की तुम्हाला सांगेन."

"वरच्या साहेबांना मी काय उत्तर देऊ आता?" बाई त्याच्या कानात म्हणाली.

सामना संपल्यावर खोलीतला फोन वाजला. एडना होती. ती नेहमी ओरडूनच बोलते, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"क्लिफ, शेजारची मॉरीन रेडिओ ऐकून रडत दारात आली. म्हणाली, तुझा कीथ गेला. मी म्हटलं, गप गं बाई, क्लिफ अजून बोललेला नाही."

क्लिफनं फोन ठेवला. आता त्याचा आवाज कुठेच जाणार नव्हता. तरी त्यानं मला घट्ट दाबून धरलं आणि तो रडला.

त्या उन्हाळ्यात त्याला निरोप दिला. इतकी शांतता टीव्हीवर चालत नाही म्हणे. मी आता तारांच्या गुंत्याखाली एका खोक्यात पडून आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाच्या घरची वाईट बातमी तुमच्या ओठांवर आली, तर खात्री होईपर्यंत थांबा. कुठेतरी एखादी आई तुमच्याच भरवशावर बसलेली असेल.