चावीवाल्याची मूठ

"पाण्याचं मला काय विचारतेस? तुझ्या नवऱ्याला विचार की!" माणिकने रिकामा हंडा माझ्या पायाशी आदळला. "रोज दुपारी त्या खालच्या नव्या टॉवरच्या गेटातनं आत जातोय तो, आपलं पाणी तिकडे वळवायला. आम्ही काय आंधळ्या आहोत?"

"तोंड सांभाळ हं माणिक."

"तू पाणी सांभाळ."

घरातले नळ कोरडे पडले होते आणि चाळीच्या सामायिक नळाला करंगळीएवढी धार, तीही मधूनच खोकत होती. पंधरा-वीस दिवस हेच चाललं होतं. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर परवडलं असतं. चाळीत शेजारणी नजर चुकवायला लागल्या की समजायचं, आपल्यामागे पुष्कळ बोलून झालंय.

माझा नवरा भीमराज पालिकेचा चावीवाला. आमच्या गावाकडच्या पाहुण्यांना वाटतं कुलपं बनवतो. तसं नाही. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली, चेंबरच्या खड्ड्यात, पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह असतो. माणसाएवढी उंच लोखंडी चावी त्यात खाली सोडायची, वरचा आडवा दांडा दोन्ही मुठींत घट्ट धरायचा आणि गोल गोल फिरत राहायचं. व्हॉल्व्ह पुरता उघडला की घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर शेवटच्या घरापर्यंत पाणी चढतं. अर्धवट राहिला की वरच्यांनी नुसत्या नळाच्या तोंडाकडे बघत बसायचं.

लग्न झाल्यावर ह्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. ह्यांच्या आज्याला गावच्या विहिरीचा दोर शिवू देत नव्हते. कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी, तेही ओतणाऱ्याच्या मनात आलं तर. "आणि आता अख्ख्या टेकडीला मी पाणी सोडतो, सुंदरा," म्हणाले होते. त्या माणसाला आज माणिक पाणीचोर म्हणत होती. माझं डोकंच फिरलं.

पण खरं सांगू? डोकं फिरलं ते माणिकवर कमी आणि ह्यांच्यावर जास्त. कारण संशय माझ्याही मनात घर करून बसला होता.

चावी फिरवायचं काम दोघांचं. ह्यांचा जोडीदार धोंडू, मालवणकडचा, इतकी वर्षं दोघं दांड्याच्या दोन बाजूंना. आता हे त्याला म्हणाले, "तू खालचा चेंबर बघ, वरचा मी एकटा बघतो." धोंडू माझ्याकडे येऊन कुरकुरला, "वयनी, भीमराजाक झाला तरी काय? माका जवळ उभो करूक तयार नाय." मी त्याला चहा दिला. जोडीदार नको, म्हणजे साक्षीदार नको. दुसरं काय?

मग घरातली थेरं. ज्या माणसाने जन्मात कधी रुमाल धुतला नाही, तो मोरीत बसून ओला टॉवेल पिळायला लागला. पिळायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा पिळायचा. मी म्हटलं, "ठेवा तो, मी पिळते." तर अंगावर धावून आले. भाकरी मोडून खायचं सोडलं, सगळी दुधात भिजवायला लागले. विचारलं तर म्हणे दात दुखतात. नवरा काहीतरी लपवतोय हे बायकोला कळायला पोलीस लागत नाहीत.

आणि माणिकशी भांडण व्हायच्या दोनच दिवस आधी ह्यांच्या रेनकोटच्या खिशात मला ते सापडलं. दोन काळ्या मुठी आणि मध्ये जाडजूड स्प्रिंग.

"अगं आई, हँड ग्रिपर आहे तो," दर्शना म्हणाली. दर्शना आमची लेक, कॉलेजला आहे. "जिममधली पोरं दाबत असतात ना सारखी, मनगट मजबूत करायला. बाबांचा? बाबा काय बॉडी बनवतायत की काय?" ती खिदळली. मग तिने तो उलटा केला आणि तिचं हसू गेलं. मागे स्टिकर होतं, टॉवरच्या जिमचं.

म्हणजे टॉवरवाल्यांनीच दिला होता. आज हे दिलंय, उद्या आणखी काय देतील? आणि ह्या माणसाने आमच्या तोंडचं पाणी एवढ्याशा खेळण्यावर त्यांना विकलं?

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवायला बसले तेव्हा दर्शना घरात नव्हती. मी सरळच विचारलं.

"टॉवरमध्ये कशाला जाता?"

"काम असतं."

"कसलं काम? तुमचा व्हॉल्व्ह रस्त्यात आहे, टॉवरच्या पोटात नाही."

"सुंदरा, जेवू दे."

"लोकं मला रांगेत काय काय बोलतात माहितीये? बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून सांगा, काही घेतलंत का त्यांच्याकडून?"

त्यांनी फोटोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ताट सरकवलं, टोपी घातली आणि निघून गेले.  तीस वर्षांच्या संसारात मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

चारच्या सुमाराला, पाणी सोडायच्या वेळी, ग्रिपर पिशवीत टाकला आणि मी चेंबरपाशी गेले. म्हटलं, आज ह्यांच्या हातात तो ठेवायचा आणि सगळ्यांसमोर जाब विचारायचा. घरात बोलत नाहीत तर रस्त्यात बोलतील.

तिथे आधीच गर्दी. माणिक सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हंडा. हे मध्ये एकटे, चावी खाली सोडलेली, दोन्ही हात दांड्यावर.

"फिरवा ना भीमराजभाऊ," माणिक म्हणाली. "आज आम्ही सगळे बघतोय. बघू या, किती फिरवता ते."

ह्यांनी फिरवायला सुरुवात केली. पहिले काही फेरे गेले. मग दांडा जड झाला. ह्यांनी जोर लावला. आणि मी बघितलं, उजव्या हाताची बोटं दांड्यावरून एकेक करून सुटत गेली. ह्यांनी ती डाव्या हाताने पुन्हा दांड्यावर बसवली. पुन्हा सुटली. कपाळावरून घाम निथळत होता. मग ते थांबले, खिशातून फडकं काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "झालं. एवढाच उघडतो."

"एवढाच? धोंडू होता तेव्हा दुप्पट फेरे घ्यायचात!" मागून कुणीतरी ओरडलं. "सेटिंग आहे रे, सेटिंग!"

"किती खाल्ले सांगा तरी!"

 हे मान खाली घालून चावी वर ओढायला लागले. माझ्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. टॉवेल, भाकरी, धोंडूला पाठवून देणं. पिशवीतला तो ग्रिपर मला मणभर जड वाटायला लागला.

ह्यांनी वर बघितलं. मी दिसले. मला कळलं हे त्यांना कळलं, आणि त्यांनी हळूच मान हलवली. नको. बोलू नकोस.

मी काय करायला हवं होतं? माझ्या नवऱ्याला चोर म्हणताना ऐकून घ्यायचं? नाही जमलं मला. जमणारही नाही.

"गप बसा सगळे!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. "एक पैसा घेतला नाही त्यांनी. त्यांच्या हातातला जोर गेलाय. दिसत नाही का तुम्हाला? बोटं बघा त्यांची, बोटं!"

सगळ्यांच्या नजरा ह्यांच्या हाताकडे वळल्या. ह्यांनी उजवा हात पाठीमागे घेतला, शाळेत छडी चुकवणाऱ्या पोरासारखा.

मी पदर खोचला, अर्धी वर आलेली चावी पुन्हा खाली बसवली आणि दांड्याची एक बाजू धरली. मी कामाला जाते त्या कॅन्टीनच्या पोळ्यांची कणीक मळून मळून माझ्या हातांना घट्टे पडलेले. पण चावी हलली तेवढ्यापुरतीच. मग शेजारी हंडा ठेवल्याचा आवाज झाला आणि माणिकने दुसरी बाजू पकडली. माझ्याकडे बघितलं नाही तिने. "चल," एवढंच म्हणाली. दोघी फिरायला लागलो. हे खाली बसले आणि आतल्या पाण्याचा आवाज ऐकायला चावीच्या लोखंडाला त्यांनी कान लावला.

"अजून," ते म्हणाले. "अजून घ्या. अजून... बस."

वरून, पार शेवटच्या गल्लीतून पोरांचा ओरडा आला. पाणी चढलं होतं.

घरी आल्यावर हे भिंतीला टेकून बसले. मी ग्रिपर त्यांच्यापुढे ठेवला.

"कुणी दिला?"

"विशालने. टॉवरच्या जिममध्ये शिकवतो. चांगला पोरगा आहे. म्हणाला, काका, रोज या, मी व्यायाम सांगतो, सुधारेल." त्यांनी ग्रिपर हातात घेतला. दाबला. स्प्रिंग हललीसुद्धा नाही. "आधी मुंग्या यायच्या. मग बोटं बधिर. डॉक्टर म्हणाला, शीर दबलीये, फार उशीर केलात."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू धोंडूला सांगितलं असतंस. धोंडूने साहेबाला. मग चावी काढून घेतली असती." त्यांनी बोटं चोळली. "लाच खातो म्हणत होते तर म्हणू देत होतो मी. ते खोटं होतं, कधीतरी धुऊन निघालं असतं. हे खरं आहे, सुंदरा. तू खरं सांगितलंस."

मला रडू फुटलं आणि रागही आला. "पाणीचोर म्हणवून घेणार होतात? तुमच्या आज्याचं नाव सांगून?"

त्यांनी ग्रिपर कोनाड्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन साहेबांना सांगून आले. साहेबांनी ऑफिसात बसायचं हलकं काम दिलं. वरच्या चेंबरची चावी धोंडूकडे गेली, सोबतीला एक नवा माणूस. माणिकने माझी माफी वगैरे मागितली नाही, पण अजून कधी रांग लागली तर माझा हंडा आपल्या हंड्याच्या पुढे ठेवते.

आता रविवारी हे घरी असतात. चारच्या आधीच मोरीतल्या नळापाशी जाऊन बसतात. आधी नळातून हवा येते, मग गुळणी केल्यासारखा आवाज, मग धार.

"धोंडूने पुरता खोललाय," परवा म्हणाले. कान तयार आहे अजून.

हंडा काठोकाठ भरला तेव्हा मी चुलीशी होते. उठायला लागले, तर त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं आणि उजवा हात नळाच्या चकतीवर ठेवला. फिरेना. बोटं घसरली. पुन्हा ठेवली. हंडा भरून वाहायला लागला, पाणी मोरीतून उंबऱ्याशी आलं.

तांब्याभर पाणी सांडलं तर घर डोक्यावर घेणारी बाई मी. दर्शनाने माझ्याकडे बघितलं आणि नळाकडे धावणार, तेवढ्यात मी तिचा दंड पकडला. आणि दोघी भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसलो. पाणी माझ्या पायांखालून चाललं होतं. चालू दे म्हटलं. किती वेळ गेला कोण जाणे.

मग चकती करकरली, धारेचा आवाज बारीक झाला, थेंब झाला आणि थांबला.

"भरला हंडा," हे म्हणाले.

"बरं," मी म्हटलं आणि फडकं घेऊन जमीन पुसायला उठले.