तांबड्या रंगाखाली

पापुद्रा नखाएवढाच होता, वरून तांबडा, खालून पांढुरका. शालिनीने तो तळहातावर घेऊन उन्हाकडे धरला तेव्हा त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं आणि भोकातून माडाच्या झावळीचा हिरवा ठिपका. तिने तो खाली टाकला नाही, बाजूच्या बशीत ठेवला. उपड्या होडीच्या तळावर, जिथून तो सुटला होता तिथे, पत्र्यात तेवढाच खळगा होता आणि खळग्यात पांढरी भुकटी. अॅल्युमिनियम असंच जातं. लोखंडासारखं तांबूस होऊन ओरडत नाही, पांढरं पडतं आणि जागच्या जागी संपतं.

तिने मोजायचं ठरवलं नव्हतं, पण एव्हाना एकेचाळीस खळगे झाले होते.

शुक्रवारी सगुण येणार होता. धाकटा भाऊ, बाहरीनला गेल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या पत्रात आईची तब्येत, यंदाचे आंबे, आणि सगळ्यांत शेवटी, सहीच्या जरा वर — होडीचा रंग काढून ठेवशील? मी आलो की पाण्यात घालून बघू. ती ओळ वाचल्यापासून शालिनीची झोप हलकी झाली होती. पेडण्याच्या हायस्कुलात वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला काय काय लागेल ते ठाऊक होतं. तिने वास्कोहून रंग उतरवायचं औषध, पिवळा प्रायमर, राखाडी रंग आणि लांबीचा डबा मागवून घेतला. लांबी खळग्यांत भरायची, घासून सपाट करायची, वर प्रायमर, वर रंग. मग कुणाला काही दिसणार नाही... किंवा मग भरायचीच नाही, त्याला उभं करून दाखवायचं आणि सांगायचं. वाक्य तयार होतं. *सगुण, तो रंग चालणार नाही हे मला त्या दिवशीच माहीत होतं.* स्वच्छ, पुस्तकी मराठी. तीन वर्षं ती ते मनात म्हणत होती आणि दर वेळी ते वर्गात धडा वाचल्यासारखं वाटायचं.

"गो शालू," सोप्यावरून आईने हाक मारली, "कास्टिक घाल मगो तेच्यार! दारांचो रंग कसो झटकन गेल्लो."

"आई, कास्टिक ह्या पत्र्याक खाता."

"मगे बस नखान खरवडत. शुक्रवार येयसर एक बाजू जातली."

ती हसली आणि बांबूची चीप पुन्हा हातात घेतली. ह्या पत्र्याला तारेचा ब्रश नाही, कास्टिक नाही, आणि तांबं तर मुळीच नाही. खाऱ्या पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम मरतं. दर वर्षी फळ्यावर ती हे लिहायची. आणि इथे केरीत होड्यांना तळाला जो तांबडा रंग लावतात, शिंपले चिकटू नयेत म्हणून, त्यात असतं ते तांबंच.

खाडीकडून दत्ताराम आला. खांद्यावर जाळं, शेजारचाच, आयुष्यभर लाकडी होडी वल्हवलेला. कुंपणापाशी थांबलाच.

"काय गो मास्तरणी, टोप घासूक घेतलंय? शीत करपलां काय?"

सगळं गाव ह्या होडीला टोपच म्हणायचं. डिचोलीला एका खाणीच्या कचेरीत सगुण कारकून होता. खनिजाच्या बार्जांशी ये-जा करायला तिथे ही होडी होती, ती मोडीत निघाली तेव्हा त्याने घेतली. नोकरी सोडायची, खाडीत जाळी टाकायची, पर्यटकांना तेरेखोलच्या किल्ल्याखालून फिरवून आणायचं, असा त्याचा बेत होता.

दत्ताराम वाकून खळगे बघत राहिला. मग हसू गेलं.

"तो तांबड्या रंगाचो डबो मियाच दिललंय तेका," तो म्हणाला. "लाकडाक चलता, पत्र्याक चलात असां वाटलां. तेवां कोणाक ठावक, बाय!"

तिने मान खाली घातली आणि चीप जोरात ओढली. तेव्हा कुणाला ठाऊक... हा माणूस तीन वर्षं स्वतःला दोष देत होता आणि कुंपणापलीकडे मी चहा पीत होते.

तो गेल्यावरही वास राहिला, औषधाचा, तिखट. आणि त्यातून दुसरा वास, त्या डब्याचा. सत्त्याऐंशीचा जानेवारी. आदल्या महिन्यात राजभाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडं आडवी पाडली होती, कोंकणी की मराठी यावरून माणसं एकमेकांची तोंडं बघत नव्हती. सगुण कोंकणीवाल्यांबरोबर फिरत होता, तिने मराठीच्या निवेदनावर सही केली होती, आणि घरात दोघं भांडली होती ती एकाच बोलीत — आईच्या. मग अबोला. अकराव्या दिवशी सगुण डबा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला, तिच्यापासून दोन हातांवर, आणि चुलीकडे बघत म्हणाला, "आई, तिका इचार, हो रंग पत्र्याक चलतलो?"

आईने विचारलं. शब्दाला शब्द.

आणि तिने डब्यावरची अक्षरं वाचली होती. सगळी. वाचून, तांदूळ निवडत म्हणाली होती, "आई, तेका सांग, ज्येंच्या वांगडा फिरता तेंकाच इचार."

आईने तेही सांगितलं. सगुणने डबा जवळ ओढला. मग उठला.

रंगाचं विचारायला तो आला होता असं तिला तेव्हा वाटलं होतं. तो बोलायला आला होता हे कळायला एक पावसाळा जावा लागला, आणि तोवर होडीत पाणी शिरायला लागलं होतं. त्याने डांबर लावलं, पुन्हा लावलं. दुसऱ्या वर्षी त्याने बाहरीनचा व्हिसा आणला. होडी टिकली असती तर तो गेला नसता? सांगता येत नाही. ताडून बघायला दुसरा सगुण नाही.

ऊन डोक्यावर आलं. मागच्या टोकाला, कण्याजवळ, डांबराचा एक जाड थर उरला होता. तिने चीप खाली घातली; डांबर सलग उचललं गेलं, आणि खाली तांबडा रंग नव्हता. राखाडी होता. खाणीच्या वेळचा, जुना.

तिने काथ्याने पुसलं. तळहाताएवढा तुकडा. चारही कडा सरळ, पट्टी चिकटवून रंगवल्यावर येतात तशा.

तिने एक कोपरा खरवडला. खाली पत्रा चकचकीत. एकही खळगा नाही.

...सगुण दहावीला, ती बी.एस्सी.ला, स्वयंपाकघरात जमिनीवर तीन बाटल्या, तीन खिळे. एकीत मीठपाणी, एकीत साधं. *ही तिसरी तशीच ठेव, काही न घालता. नाहीतर कशाशी ताडून बघशील?* आणि सगुण म्हणाला होता, "म्हणजे एका खिळ्याक सुटी!"

ती खाली मातीत बसली. म्हणजे त्याला शंका होती. तिचं ते उत्तर ऐकूनच आली असेल — ही सांगत नाही, म्हणजे काहीतरी आहे. त्याने एवढा तुकडा सोडून सगळी होडी रंगवली आणि पावसाळ्यापर्यंत वाट पाहिली. मग त्याला दिसलं, हा तुकडा शाबूत आणि बाकी पोखरलेलं. आणि इथे भोक नव्हतं, इथून थेंबही आत येत नव्हता, इथे डांबराची काय गरज होती? पावसाळ्यात होडी ह्याच अंगणात उपडी पडायची आणि शालिनी रोज तिच्याजवळून जायची. डांबर पाण्यासाठी नव्हतं. तिने बघू नये म्हणून होतं.

आणि आता तोच लिहितो — रंग काढून ठेवशील?

"आई," तिने हाक मारली. "सगुणान तुका... ह्या रंगाचां कधी कायी सांगललां?"

आई पंखा हलवायची थांबली.

"तुमचां तुमी बोला गो आता," ती म्हणाली. "निरोप सांगूक माका होवचां ना."

शालिनीने लांबीच्या डब्याकडे पाहिलं. झाकण उघडंच होतं, वर साय धरायला लागली होती. तिने झाकण बसवलं, अंगठ्याने कडेकडेने दाबलं. मग राखाडी तुकड्यावर हात ठेवला. तो हातात मावला. पत्रा तापला होता तरी तिने हात काढला नाही. तयार असलेलं वाक्य तिने मनात सुरू केलं, *सगुण, तो रंग चालणार नाही हे मला* — आणि ते पुढे गेलं नाही. ज्याला सांगायचं त्याला ते आधीच ठाऊक होतं, आणि त्यानेही ते तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. मनात आता भीती नव्हती. भीतीपेक्षा जड असं काहीतरी होतं.

तिने ओठ हलवले. तेच, पहिल्यांदाच घरच्या बोलीत, अगदी हळू, जणू तो उंबऱ्यावर बसला आहे.

"सगुणा, तुका..."

पुढचा शब्द तिला माहीत नव्हता. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.