केरबाचा केसरबाहू

शिवाजी पेठेतल्या नव्या घराच्या कमानीवर आजोबांचं नाव घालायचं अमरसिंहनं ठरवलं आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. आजोबांचं नाव केरबा. उद्या नगरसेवकाला उभं राहणाऱ्याच्या दारावर केर?

मग त्यानं एका नामतज्ज्ञाकडून नावाचं मूळ काढून आणलं. दोन पानांचा अहवाल, खाली गोल शिक्का. केरबा हे म्हणे 'केसरबाहू'चं बिघडलेलं रूप. अर्थ, सिंहासारख्या दंडांचा. केरबांची लेक धोंडुबाई, म्हणजे अमरसिंहची आत्ती, अजून हयात होती. बापाचे दंड तिनं पाहिले होते. काटक्या होत्या नुसत्या. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, ही म्हण तिनं आजवर शेजारणींवर खर्च केली होती. ती घरातच लागू पडेल हे तिला ठाऊक नव्हतं. भाच्याची तिला किळस आली, तशी ती पूर्वीही अधूनमधून येत असे.

"आत्ती, हितं बघून एवढंच बोल," अमरसिंह मोबाइल धरून म्हणाला. "'माझ्या वडलांचं खरं नाव केसरबाहू.' तू बोललीस की कुणी शंका घेणार न्हाय. रंगारी उद्या येतोय."

धोंडुबाईनं पदर सारखा केला. आज आपण गप्प बसलो तर बापाचं नाव उद्या रंगाखाली जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

"माझ्या बाचं नाव केरबा," ती म्हणाली. "आज्जीची आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली. चौथं झालं तसं आज्जीनं त्येला उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं सुपात उचलून आणलं, अन् आज्जीनं पसाभर कोंडा दिऊन तिच्याकडनं इकत घेतलं. केरातनं आलं म्हणून केरबा. मरणाला वाटावं, केरच हाय, कशाला न्यायचं."

"आत्ती, हे कशाला सांगालीस? लोक हसतील की."

"हसूदेत. त्या नावानं बा जगला, म्हणून तुझा बाप झाला. अन् तू."

अमरसिंहनं मोबाइल खाली घेतला. चित्रण पुसायला त्याचा अंगठा काचेवर फिरू लागला.

धोंडुबाई त्या अंगठ्याकडं बघत राहिली. "मरणानं सोडलंतं त्येला," ती म्हणाली. "तू पुसालायस."