प्रिंटरची 'थांब'

उमापूरच्या रस्त्याला दूध संस्थेनं जनावरांची छावणी काढली होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. चकलांब्याचा शहादेव तिथं कॉम्प्युटरवर बसायचा आणि रोज सकाळी चाऱ्याच्या पावत्या छापून द्यायचा. छापील पावतीशिवाय चारा द्यायचा नाही, असा वरचा हुकूम होता. शेजारची छावणी हातानं लिहिलेल्या पावत्यांवरूनच बंद पडली होती.

एका सकाळी जनरेटरनं आचके दिले आणि प्रिंटर अडला. दिवा लागलेला, कागद बसलेला. शहादेवनं बटण दाबून चाचणीचं पान काढलं, तर ते खडखडत छापून आलं. पण कॉम्प्युटरनं पाठवलेलं एक अक्षर तो घेईना.

खिडकीशी भामाबाई उभी होती. तिची अशक्त गाय कालपासून बसून होती, उठत नव्हती.

"काय झालं रं, बाबा?"

"मावशी, कॉम्प्युटर केबलीतनं एकेक अक्षर पाठवतो. अक्षर तारांवर ठिवलं की येगळ्या तारेवरनं खूण करतो, 'घे' म्हनून. मग प्रिंटर आपल्या तारेवरनं म्हनतो, 'थांब.' काम उरकलं की 'थांब' काढतो आन् 'मिळालं' म्हनून कळवतो. तवा पुढलं अक्षर. ह्याची 'थांब' निघंनाच झालीय. झटक्यानं आतलं कायतरी जळलंय."

"मंग कॉम्प्युटर काय करतोय?"

"वाट बघतोय."

"कवर?"

शहादेवनं प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला. तो तसाच अडलेला.

सेक्रेटरी मोहनरावांनी अंबाजोगाईच्या मेकॅनिकला फोन लावला. तो उद्या येतो म्हणाला. तालुक्याच्या कचेरीत लावला, तर तहसीलदारसाहेब दौऱ्यावर होते. "हातानं लिहून देऊ का?" असं मोहनरावांनी तिथल्या कारकुनाला विचारलं. "मी कसं सांगू?" म्हणून त्यानं फोन ठेवला.

बाहेर बायामाणसं वाढत गेली. भुकेली जनावरं हंबरत होती. शेवटी शहादेवनं केबलीचा प्लग उघडला, 'थांब' सांगणारी तार कापली आणि अर्थिंगच्या तारेला जोडली. आता कॉम्प्युटरला प्रिंटर सदा मोकळाच दिसणार होता.

प्रिंटर धडधडायला लागला. भामाबाईनं हात जोडले.

पण प्रिंटर जुना. त्याच्या पोटात एका ओळीपुरतीच जागा. पहिली ओळ तो मारतोय तोवर कॉम्प्युटर पुढच्या ओळी ओतत गेला, आणि त्या कुठंच उमटल्या नाहीत. संस्थेचं नाव नीट आलं, भामाबाईच्या नावातला 'भा' आला, पुढं नुसते ठिपके. शहादेवनं पावती पुन्हा छापली. या खेपेला 'भा'सुद्धा आला नाही.

भामाबाई पहिलीच पावती घेऊन गोदामाकडं गेली. मागोमाग शहादेवही गेला. गोदामावरच्या उत्तरेश्वरनं ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्याच्यावर वजनच न्हाई, मावशी. किती देऊ?"

"रोज देतोस तेवढा दे."

"दे की रे, मी हाय ना साक्षीला," शहादेव म्हणाला.

"तू हायेस, पर तपासणीवाल्याला कागद लागतो. ही छावणी बंद पडली तर एवढ्या जनावरांनी कुठं जायचं?" उत्तरेश्वरचा आवाज चढला. मग तो उतरला. "मला का वाटत न्हाई, मावशी? पर काय करू, सांग."

शहादेवनं टपरीवरून बिस्किटाचा पुडा आणला. गायीनं बिस्किटं हुंगली आणि तोंड फिरवलं. भामाबाई तिच्या मानेवरून हात फिरवत बसून राहिली. दिवस कलला तेव्हा गायीनं मान टाकली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं आतला एक भाग बदलला, केबल नवी लावली, आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या पावत्या निघाल्या.

संध्याकाळी शहादेव भामाबाईच्या घरी गेला.

"झालं का नीट मशीन?" तिनंच विचारलं.

"झालं, मावशी."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी तांब्यात पाणी ओतायला उठली.