कपाशेजारचा हात

"हलू नकोस, व्हर्ना."

"मी कुठे हलतेय? हात हलतोय."

लाइलने लेझर बंद केला. गॅरेजमध्ये टायरच्या ट्यूबांवर ठेवलेल्या त्या जड टेबलावर व्हर्नाचा कॉफीचा कप होता आणि कपाला टेकून तिचा उजवा हात. लेझर चालू असताना त्या मिनिटभरात काहीही हललं, तर काचेवर होलोग्राम, म्हणजे वस्तूचं उठावदार प्रकाशचित्र, उमटत नाही. म्हणून तर आजवर काम सुरू झालं की तो व्हर्नाला, आपल्या बायकोला, बाहेर पिटाळायचा. ती बिचारी धुक्यात पिकअपमध्ये बसून विणकाम करायची. आत घड्याळाची चाकं, शंख, मेलेले कोळी यांचे होलोग्राम व्हायचे आणि जत्रेत लॉकेटं म्हणून खपायचे.

कंपवात सुरू झाल्यावर तीच म्हणाली, "कोळ्यांचे काढलेस, आता माझ्या हाताचा काढ. तुझ्याजवळ राहील."

लाइलने काच पाण्यात बुडवली, मग गरम अल्कोहोलमध्ये, आणि ड्रायरने वाळवून दिव्याखाली तिरकी धरली. सोनेरी कप असा उठून दिसला की कान धरून उचलावा. शेजारी मात्र हाताच्या आकाराचा काळोख.

"कप छान आलाय," व्हर्ना म्हणाली. "शहाणा आहे. तुझं ऐकतो."

"गोळी लागू पडली की पुन्हा बघू."

"बघ बाबा. मला आता कुठे जायचंय?"

लाइलला हसू आलं नाही. पिवळसर जिलेटिन लावलेली काच वापरली नाही तर एक-दोन दिवसांतच निकामी होते, म्हणून तो रोज संध्याकाळी नवी तयार करायचा. रोज दुपारी व्हर्नाला चाकांच्या खुर्चीतून गॅरेजमध्ये न्यायचा आणि रोज काळोखच हाती यायचा.

मार्चमधल्या एका सकाळी तो तिच्यासाठी कॉफी घेऊन गेला, तेव्हा तिचा हात पांघरुणावर स्वस्थ पडला होता. बोटंसुद्धा हलत नव्हती. लाइल बराच वेळ बघत राहिला. मग त्याने तिला हाक मारली, आणि पुन्हा मारली.

तो गॅरेजमध्ये गेला. काच तयार होती, टेबल तयार होतं, खुर्ची दाराशीच होती. आता हात उमटला असता, अगदी नखांसकट. हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःची किळस वाटली. जिवंत होती तोवर काचेने तिला घेतलं नाही, आणि आता घ्यायला तयार झाली होती.

त्याने ती काच स्वयंपाकघरात आणली आणि नळाच्या कढत पाण्याखाली धरली. पिवळा थर सुटून वाहून गेला. कोरी काच त्याने ताटाळ्यात ठेवली आणि डॉक्टरांना फोन केला.

ते येईपर्यंत तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून होता. ओल लागली की चित्र जातं, म्हणून कपाशेजारी काळोख असलेली ती पहिली, फसलेली काच त्याने दुसऱ्या काचेने झाकली आणि कडेकडेने गोंद लावत राहिला.