डॉक्टरच्या घरचं फावडं

न्यू मेक्सिकोत, सांता फेच्या वरच्या अंगाला एका खेड्यात माझ्या मुलाने, गुरुदत्तने, घर घेतलं. हृदयाचा डॉक्टर आहे. घेताना त्याने किचन बघितलं, गॅरेज बघितलं. मागून पाट जातो तो बघितला नाही. पाटाचा कायदा साधा. मार्चमध्ये सगळं गाव मिळून पाट साफ करतं. ज्या घराचं फावडं आलं नाही, त्या घराला वर्षभर पाणी नाही. शहाऐंशी साली त्या दिवशी डॉक्टर कॉन्फरन्सला होते. उन्हाळ्यात सुनेची सफरचंदाची अर्धी झाडं उभ्या उभ्या वाळली.

सत्याऐंशीत मी तिकडे गेले. नेमकं पाट साफ करायच्या सकाळी हॉस्पिटलातून फोन आला आणि गुरुदत्त पळाला. माझी सून उत्तरा बर्फावर घसरून उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसलेली.

"यंदाही पाणी कॅन्सल," ती म्हणाली. "उरलेली झाडंही जाणार, आई."

"फावडं कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये. का?"

नऊवारी, वरून गुरुदत्तचं जाकीट, पायात त्याचेच बर्फातले बूट. उत्तरा एका हाताने ड्राइव्ह करत होती. तोंड लपवायला दुसरा हात मोकळा नव्हता.

पाटावर झाडून सगळे पुरुष. आपल्याकडे पाटकरी असतो, तसा तिथे मायोर्दोमो. याचं नाव एलिसेओ, माझ्याच वयाचा, मोठ्या मिशांचा. त्याने मला बुटांपासून पदरापर्यंत बघितलं आणि उत्तराशी इंग्रजीत काहीतरी बोलला.

"म्हणतायत, हे पुरुषांचं काम आहे."

"त्याला सांग, आमच्या साक्रीकडे फडाचा पाट बायकाच काढतात."

"खरंच, आई?"

"तू सांग."

साक्रीकडे, पांझरेच्या काठी, पुरुषच काढतात. फड म्हणजे एका पाटावर भिजणारी शेतं; त्या पाण्यावर अख्ख्या गावाचा भात आणि ऊस. आम्ही बाया दुपारी भाकऱ्या घेऊन जायचो आणि काठावर बसून कोणाचं काम कच्चं ते बोलायचो. पण ते त्याने विचारलं नव्हतं.

एलिसेओने काठीने पाट मोजून प्रत्येकाला तुकडा पाडून दिला. आपापला गाळ उपसायचा. मग तो "वुएल्ता!" म्हणून ओरडतो आणि सगळे पुढच्या तुकड्यांवर जातात. जो मधेच घरी गेला, त्याचा दिवस धरत नाहीत.

गाळ इकडचा काय, तिकडचा काय, सारखाच जड. शेजारच्या दाढीवाल्याला दया आली. त्याने माझ्या तुकड्यात फावडं घातलं.

"ए, तुझं तू बघ," मी मराठीत म्हटलं. त्याने लगेच काढलं.

दुपारनंतर माझी बोटं दांड्यावरून सुटेनात.

"आई, बास आता, घरी चला," उत्तरा काठावरून म्हणाली. "झाडं गेली तर गेली."

"सकाळपासूनचं काम काय गावाला दान करू?"

तेवढ्यात गुरुदत्त आला, हॉस्पिटलातल्या हिरव्या कपड्यांत.

"आई! बाहेर ये. लोक काय म्हणतील?"

"लोक इथेच आहेत, विचार. आधी हे धर."

फावडं घराचं, ते कोणाच्या हातात आहे याच्याशी एलिसेओला देणंघेणं नव्हतं. गुरुदत्त उतरला. मी काठावर बसले. त्या जागेची मला सवय होती.

थोड्या वेळाने एलिसेओने येऊन तळात काठी खुपसली आणि भुवया वर केल्या.

"कोणाचा तुकडा, विचारतायत," उत्तरा म्हणाली.

"डॉक्टरचा. माझे तुकडे मागे राहिले."

पुन्हा करा, असा हुकूम झाला.

"आई, सांग ना त्यांना, मी सकाळपासून ऑपरेशन करत होतो!"

"सांगितलं असतं. पण तळाला उंचवटा आहे. मला इथून दिसतोय."

त्याने पुन्हा केला.

संध्याकाळी पाण्याच्या पाळ्या लागल्या. आमच्या घराला गुरुवार, सकाळी सहा ते आठ. पाटावरचं आपलं फळीचं दार आपण उघडायचं आणि वेळेवर बंद करायचं, कारण खालचा माणूस पाण्याची वाट बघत असतो.

"गुरुवारी सकाळी मला राउंड असतात," गुरुदत्त म्हणाला.

एलिसेओ त्याच्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"सप्टेंबरपर्यंत मी आहे, सांग त्याला."

उत्तराने सांगितलं. तो काहीतरी बोलला.

"विचारतायत, सप्टेंबरनंतर?"

"तोवर डॉक्टर शिकेल."

पाण्याच्या पहिल्या गुरुवारी साडेपाचला मी गुरुदत्तला उठवलं. दार त्याने उघडलं, पाणी झाडांच्या आळ्यांत शिरलं. आठला बंद कर म्हटलं, तर म्हणाला, "अजून पाच मिनिटं, आई, शेवटचं झाड राहिलंय."

मी खाली उतरले आणि दार बंद केलं. शेवटच्या झाडाला त्याने बादलीने पाणी घातलं.