मधुकररावांच्या विहिरीतलं कासव आणि मी

मित्रांनो, पाण्याला न भिणारा असा मी एक जुना छोटा कॅमेरा. मुक्काम नंदनवन, नागपूर. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र यायला आगगाडीत निदान एक झोप काढावीच लागते. ही गोष्ट मला इथे आल्यावर कळली. आधी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. तिथे आम्हाला जन्मल्याबरोबर पाण्यात बुडवत. जो बुडबुडा सोडेल तो नापास. मी गप्प बसलो आणि पास झालो. पोटावर 'पन्नास फुटांपर्यंत' असं छापून मला डब्यात घातलं. दुकानात मोठ्या कॅमेऱ्यांना काचेचं कपाट होतं. मला पोहण्याच्या टोप्यांशेजारी ठेवलं होतं. मी स्वस्त होतो, आणि स्वस्त माणसाला शेजार निवडता येत नाही.

तिथून मला हर्षाने आणलं. हर्षा नंदनवनातल्या पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवते. मालवणकडे जाऊन ती पाठीवर हवेची टाकी बांधून बुडायलाही शिकून आली आहे. तिच्यासोबत मी चार वर्षं तलावात काढली. लहान मुलं पाण्याखाली कशी पाय मारतात याचे फोटो मी काढायचो आणि हर्षा ते त्यांना दाखवून चुका सांगायची. अजूनही मी नंदनवनातल्या निम्म्या मुलांना पायांवरून ओळखतो. चेहरा दाखवलात तर मात्र ओळख पटणार नाही.

हर्षाचे वडील गिरिधर. विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी, बादल्या, घागरी काढून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांनी सांगितलं, आता पाणी फक्त प्यायचं. तेव्हापासून त्यांचा लोखंडी गळ खुंटीला लटकलेला आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हर्षाच्या आईने, कौसल्याबाईंनी, घरातली सगळी अवजारं पाटावर मांडली. गळ, पाना, विळी, शिलाई मशीनची कात्री. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ह्यानं काय पाप केलं वं? वर्षभर पाण्यात राबते बिचारा."

मलाही हळद-कुंकू लागलं. डोक्यावर अक्षता पडल्या, गळ्यात झेंडू आला. मित्रांनो, कारखान्यात आमच्या अनेक परीक्षा झाल्या, पण ही कुणी घेतली नव्हती. मी फार हरखलो होतो. एक अक्षता माझ्या बॅटरीच्या दाराच्या खाचेत जाऊन बसली. मला ती कळली होती. मला वाटलं, प्रसाद आहे, असू द्यावा.

दसऱ्याला सोनं द्यायला सावनेरकडचे मधुकरराव आले. बोलता बोलता म्हणाले, "गिरिधर, शेतातली जुनी विहीर सोमवारी बुजवून टाकतो. टिप्पर सांगितले. बोअर झाली आता. अन् नातू रांगून राहिला, विहिरीले कठडा नाही."

गिरिधरबाबांचा हात मधेच थांबला. "अन् कासव?"

"कोणतं कासव गा?"

"तुमच्या बाबूजीनं पाणी साफ राहावं म्हणून सोडलं होतं ते. तुमची मोटर काढाले उतरलो का दर खेपी दिसे मले."

"तुलेच दिसे! पंधरा वर्षांत दुसऱ्या कोणाले दिसलं काय? पाण्यात दम कोंडून कोंडून मानसाले हत्तीही दिसते." मधुकरराव हसले. गावच्या चहाटपरीवर तर गिरिधरबाबांचं नावच 'कासवमामा' पडलं होतं. "फोटो दाखव, टिप्पर थांबवतो. सोडून दे नाही तं."

पाऊसकाळ संपलेला, झरे फुटलेले. तीन मोटारी लावल्या तरी ती विहीर रिकामी होणार नव्हती. मधुकरराव गेल्यावर गिरिधरबाबांनी खुंटीवरच्या गळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हर्षा, माया शब्दावर नाही थांबत तो. जिवंत आहे वं ते. वरून मुरूम पडन त्याच्यावर."

"मी उतरतो बाबा," हर्षा म्हणाली. नागपुरात पोरीही 'उतरतो'च म्हणतात, 'उतरते' नाही.

शनिवारी आम्ही गेलो. पाणी चार पुरुष, म्हणजे पंचवीसेक फूट. हर्षाच्या पाठीवर हवेची टाकी, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक बाबांच्या मुठीत.

मित्रांनो, तलाव मला पाठ होता. विहीर म्हणजे दुसराच मुलूख. वरचं आभाळ ताटलीएवढं झालं, मग वाटीएवढं. लाल रंग आम्हाला सोडून कुठे गेला कळलं नाही. हर्षाच्या पोहण्याच्या कपड्यावरची लाल पट्टी काळी पडली. सगळीकडे हिरवा, मुरलेला उजेड. दगडी बांधकामातून झरे गार बोट लावत होते. चिलटांएवढे मासे थव्याने येऊन माझ्यात डोकावले आणि स्वतःला बघून निघून गेले. तळाशी एक घागर होती, एक टायर होतं आणि एक खुर्ची होती. खुर्चीवर कुणी नव्हतं. तरी ती कुणासाठी तरी राखून ठेवलेली वाटत होती.

खुर्चीखाली काहीतरी हललं. हर्षा घाबरली आणि लांबूनच फ्लॅश मारत सुटली. पन्नास फोटो. बॅटरी संपेपर्यंत.

मधुकररावांनी काठावर बसून सगळे पाहिले. गाळाच्या कणांवर माझा फ्लॅश चमकला होता. फोटोभर पांढरे ठिपकेच ठिपके.

"गिरिधर गा, मायाच विहिरीत बर्फ पडते अन् मलेच नाही माहीत?"

"मधे पाहा ना, ते गोल."

"ताट आहे ते. सुनेनं पाडलं असन. मले वाटलंच, घरात ताटं कमी कशी होऊन राहिली."

परत येताना मला पहिल्यांदा आपल्या स्वस्तपणाची लाज वाटली. रात्री हर्षाने ते पन्नास फोटो मोठे करून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाली, "फ्लॅश बंद. अन् लांबून नाही, हातभर अंतरावर जायचं." दोन्ही चुका तिच्या होत्या. ती बोलून दाखवते, म्हणून मला ती आवडते.

रविवारी काठावर तिने घाईघाईत माझं दार उघडून नवी बॅटरी घातली. तेवढ्यात खाचेतली अक्षता सरकली आणि दाराच्या रबरावर आडवी झाली. हर्षाने खटकन दार लावलं. पाणी अडवणारं ते रबर आधी पुसायला हवं होतं. तिने ते पुसलं नाही आणि मला ओरडता येत नाही.

आम्ही उतरलो. या वेळी हर्षाने गाळाला पाय लागू दिला नाही. तळाच्या वर ती अशी तरंगत राहिली, जशी कुणी झोपलेल्या घरातून चप्पल हातात घेऊन चालावं. वीस फुटांवर माझ्या दारातून पहिला थेंब आत आला. गार होता. मला कारखाना आठवला. बुडबुडा सोडेल तो नापास. मी श्वास धरला. कॅमेऱ्याला श्वास नसतो, पण वेळ आली की जमतं.

खुर्चीखाली ते होतं. पाठ चपटी, ओल्या चामड्यासारखी. त्याने मान बाहेर काढली, लांब, आणखी लांब. आणि निवृत्त कारकुनाने अर्ज न्याहाळावा तसं माझ्याकडे पाहिलं. हर्षा हातभर अंतरावर आली. थांबली. माझ्या आत पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. सगळं जग गोड हिरवं झालं होतं. काय आत आहे आणि काय बाहेर, ते कळेनासं झालं. तिने बटण दाबलं.

मी तो एक फोटो काढला. मग एक मोठा बुडबुडा सोडला आणि नापास झालो.

काठावर माझ्यातून पेलाभर पाणी निघालं. हर्षा रडायच्या बेतात होती. "गेला बाबा. माया चुकीनं गेला." बाबांनी मात्र माझ्या पोटातलं कार्ड काढलं, सदऱ्याला पुसलं, फुंकर मारली आणि आपल्या मोबाईलला लावलं.

मधुकररावांनी मोबाईल हातात घेतला. आधी चष्मा वर केला, मग खाली केला. फोटोत बर्फ नव्हता, ताट नव्हतं. दोन डोळे होते.

"हे तं मायाकडंच पाहून राहिलं गा," ते हळू आवाजात म्हणाले. आणि तिथूनच टिप्परवाल्याला फोन लावला. "सोमवारी येऊ नको. घरात पाहुणे निघाले."

बुधवारी कासवाला मोठ्या तलावात हलवायला वनखात्याची माणसं जाळं घेऊन आली. हर्षा पुन्हा उतरली. मी तिच्या पिशवीत होतो, उगाच, सवय म्हणून. चहाटपरीवरचं सगळं गाव काठावर जमलं होतं. जाळं वर आलं आणि त्यात कासव होतं. गिरिधरबाबांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

तेवढ्यात खालून दोराला पुन्हा झटका बसला. जाळं परत खाली गेलं. परत वर आलं. त्यात दुसरं कासव होतं. पहिल्याहून थोरलं.

काठावरचे सगळे आणखी पुढे वाकले. गिरिधरबाबा स्वतःच तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांना दर खेपेला एकच दिसायचं. कधी हे, कधी ते.

मित्रांनो, आता माझं बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो आणि पुढे काहीच होत नाही. असे पुष्कळजण नोकरीत आहेत, म्हणून मीही घरात टिकून आहे. हर्षाने नवा कॅमेरा घेतला, तोही स्वस्तातलाच. त्याच्या दाराचं रबर ती दर खेपेला मऊ कापडाने पुसते, त्यावर केसही राहू देत नाही. बाहेर आल्यावर त्याला गोड्या पाण्यात घालते आणि सावलीत वाळवते. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याचंही एवढं करा. त्याला ओरडता येत नाही. आणि कुणी काही पाहिलं असं सांगत असेल, तर हसण्याआधी हातभर जवळ जाऊन बघा.

त्या बुधवारी काठावर मधुकररावांनी शेवटी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले,

"गिरिधर गा, मले माफ कर. तू तं इतके वर्षं कमीच सांगत होता."